लग्नाला कोकणात गेलात तर एका दिवसात किती ठिकाणं करायची?

सुरूबन:
मे महिना आला की पुण्या-मुंबईची वऱ्हाडं कोकणात उतरतात. लग्नाला जोडून रजेचा एखादाच दिवस मिळतो आणि त्या एका दिवसात लोक काय काय कोंबतात! गुहागरला लग्न असलं की दुसऱ्या दिवशीचा बेत बहुतेक ठरलेलाच असतो. सकाळी व्याडेश्वर, अंजनवेलचा गोपाळगड, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून फेरीबोटीने जयगड, मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळे, आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी, थिबा राजवाडा आणि मग रातोरात हायवेने घरी. माझं स्पष्ट मत आहे की याला बघणं म्हणू नये. एका दिवसात एक गाव, फार तर शेजारचं आणखी एक. बाकीचं सोडून द्यावं.

गुहागरचंच घ्या. गावातला रस्ता समुद्राला समांतर जातो. पश्चिमेकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीची आगरं आहेत आणि आगर संपलं की सुरूची झाडं, मग थेट पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. ज्याच्या घरी उतरलो आहोत त्याच्याच मागच्या दारातून चालत समुद्रावर जाता येतं. सकाळी सहाला या वाटेने निघा. शिंपणं चालू असतं, पाटातून पाणी वाहत असतं, ओल्या पोफळींचा वास येतो. ओहोटी असेल तर पुढे मैलभर ओली, टणक वाळू आणि माणूस म्हणाल तर एखाद-दुसरा. गाडीत बसून आठ ठिकाणं करणाऱ्याला यातलं काहीही मिळत नाही, कारण त्याची गाडी सातला सुटायची असते.

थिबाचंही तसंच. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. आयुष्यातली जवळजवळ तीस वर्षं त्याने परक्या समुद्राकडे बघत काढली. त्या सज्जात थोडा वेळ शांत उभं राहायचं नसेल, तर फाटकापाशी फोटो काढून काय हाती लागतं?

घाटमाथा:
पूर्ण असहमत. तुम्हाला कोकण दरवर्षी मिळत असेल, सगळ्यांना मिळत नाही. आम्ही सोलापूरकडचे. आमच्याकडून गुहागर गाठायचं म्हणजे एक अख्खा दिवस प्रवासात जातो. आईचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात. भाचीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "तिथून गणपतीपुळं किती लांब?" तिला सांगू का, की आई, एकच गाव निवांत बघ, गणपतीपुळं पुढच्या जन्मी? समुद्रकाठचा तो गणपती तिने आयुष्यभर कॅलेंडरवर पाहिलाय. तिच्यासाठी दहा मिनिटांचं दर्शनसुद्धा पुरेसं आहे, आणि ती दहा मिनिटं ती पुढे वर्षभर सांगत राहील. किती वेळ बघितलं यावरून कुणाचं बघणं खरं आणि कुणाचं खोटं हे ठरवू नका.

आणि अंतराचा बाऊ नको. तवसाळ-जयगड फेरीबोटीत गाडी चढते, खाडी पार होते आणि भातगावच्या पुलावरून जाण्याचा वळसा वाचतो. ही सोय फिरण्यासाठीच आहे ना?

माहेर चिपळूण:
सुरूबन, तुमचं आगराचं वर्णन वाचून छान वाटलं. पण लग्नघरी निवांत थांबायचं म्हणजे नक्की कोणी? पुरुष पुळणीवर फिरायला जातात. आम्ही थांबलो की यजमानीणबाई बिचारी काही म्हणत नसली तरी आपल्याच्याने बसवत नाही. वीस माणसांचा चहा, मग घावन, मग दुपारचं पान, उरलेल्या जिलब्या-लाडवांची वाटणी, आहेराच्या याद्या. माझ्या जावांनी आणि मी गाडीतून भटकण्यात घालवलेला दिवस हा त्या सगळ्या लग्नातला आमचा एकमेव मोकळा दिवस होता. काच खाली करून आरे-वारेच्या चढावरून खालचा समुद्र बघितला, कुणी "पाणी आण" म्हणालं नाही. आम्हाला गाडीतच निवांतपणा मिळाला. तेव्हा धावतपळत फिरणाऱ्यांना नावं ठेवताना जरा विचार करा.

सुरूबन:
हा मुद्दा मला मनापासून पटतो. पण त्यावरचा उपाय आठ ठिकाणं हा नाही. लग्नघर सोडून गावातच दुसरीकडे, एखाद्या घरगुती राहण्याच्या सोयीत खोली घ्या. सकाळचा चहा कुणीतरी तुमच्या हातात आणून देईल. मुंबईला परत जाईपर्यंत गाडीचं तोंड बघू नका.

स्टिअरिंग:
मी भाड्याची गाडी चालवतो, लग्नाच्या सीझनला वऱ्हाडंच जास्त. मला किलोमीटरवर पैसे मिळतात, म्हणजे तुम्ही जास्त फिरलात तर फायदा माझाच. तरी मी सुरूबन यांच्या बाजूने आहे. लग्नाच्या रात्री ड्रायव्हर कुठे झोपतो हे कुणी विचारत नाही. मांडवाच्या मागे गाडीतच, काच अर्धी उघडी, डास, बँड आणि उकाडा. पहाटे पाचला "चला, निघू या". दिवसभर खाडीपट्ट्यातले वळणांचे, चढ-उतारांचे रस्ते. संध्याकाळी रत्नागिरी. जेवून सगळे मागे झोपणार आणि मी रात्री हायवे काढायचा, पुढे घाट. त्या वेळी शेजारी बसलेला माणूससुद्धा घोरत असतो. मी हल्ली बोलणी करतानाच सांगतो, फिरायचं तितकं फिरा, पण रात्री मुक्काम करायचा आणि ड्रायव्हरला खोली द्यायची. काही पार्ट्या तुटतात. तुटू देत.

घाटमाथा:
स्टिअरिंग, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. रात्रीचा प्रवास मी करणारच नाही, मुक्काम रत्नागिरीतच. पण याचा अर्थ दिवसाही घरात बसा असा होत नाही.

वरचापाट:
मी गुहागरचाच. आमच्याकडे कार्य असलं की पाहुणे येतात, आनंद होतो. पण एक बोलतो. आम्ही इतक्या लांबून लोकांना बोलावतो, सीमांतपूजनापासून पंगतीपर्यंत राबतो आणि पाहुणे मुहूर्तावर अक्षता टाकून गाडीत बसतात, कारण चारची बोट गाठायची असते. दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाला घरात आम्हीच पाच जण. माझ्या मते फिरण्याचा वादच दुय्यम आहे. लग्नाला आलात तर लग्नाला थांबा. पूजेचा प्रसाद घ्या, म्हाताऱ्या काकूंशी बोला. समुद्र कुठे जात नाही.

माहेर चिपळूण:
समुद्र कुठे जात नाही, पण रजा जाते हो दादा. पूजेला थांबलंच पाहिजे हे मात्र खरं. अक्षता टाकून पळणं मलाही आवडत नाही.

खाडीपट्टा:
वाद चालू द्या, पण सगळेच एक गोष्ट विसरताय. किनाऱ्यावर किती ठिकाणं बघायची यापेक्षा पाणी कधी कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. हेदवीची बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद भेग. भरतीचं पाणी आत दाबाने शिरतं आणि वर उसळतं. ओहोटीला गेलात तर फक्त कोरडी घळ दिसते. भर दुपारी उन्हात तिथे उभं राहून "हेच का ते?" म्हणणारी वऱ्हाडं आम्ही नेहमी बघतो.

वेळ काढायला जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हीच वेळ दिवसाही आणि रात्रीही. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. तासाभराचा फरक पडतो, म्हणून गावात विचारून खात्री करावी. लग्नाच्या पत्रिकेवर तिथी छापलेलीच असते, कॅलेंडरसुद्धा शोधायला नको. आणि घळीच्या तोंडाशी जाऊ नका, कातळ शेवाळी असतो. गणपतीपुळ्यालाही पाण्यात उतरू नये, तिथल्या ओढीने दरवर्षी माणसं जातात.

घाटमाथा:
हे कामाचं सांगितलंत. आमच्या पत्रिकेवर वैशाख शुद्ध अष्टमी आहे. पूजा दशमीला, म्हणजे फिरायला मधली नवमी मोकळी. नवमीला हेदवी कधी?

खाडीपट्टा:
नऊची पाऊणपट म्हणजे पावणेसात. सकाळी पावणेसात किंवा संध्याकाळी साधारण सात. पण अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखं पाणी उसळायचं नाही. ते मनाशी धरून जा. मला विचाराल तर संध्याकाळी जावं, सूर्य समोरच बुडतो.

सुरूबन:
मग घाटमाथा, ऐका माझं. सकाळी आगरातून पुळणीवर, दुपारी जेवून झोप आणि संध्याकाळी फक्त हेदवी. आधी दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या, मग घळीवर जा. आईंना गणपतीही मिळेल, समुद्रही मिळेल, आणि दुसऱ्या दिवशी पूजेला तुम्ही ताजेतवाने असाल.

घाटमाथा:
हेदवीचा गणपती घेऊच. पण आई पाचला उठतेच, त्यामुळे आम्ही सकाळची भरती धरणार. तिथून तवसाळ, बोटीने जयगड, दुपारपर्यंत गणपतीपुळे आणि ऊन उतरलं की त्याच वाटेने परत गुहागरला मुक्कामाला. रत्नागिरी, थिबा, मालगुंड, गोपाळगड सगळं सोडलं. दशमीला पूजेला हजर. स्टिअरिंग म्हणतात तशी ड्रायव्हरला वेगळी खोली सांगितली आहे. गणपतीपुळं मात्र मी सोडणार नाही.

सुरूबन:
मी अजूनही म्हणतो, मे महिन्यातल्या दुपारी गणपतीपुळ्याची रांग आणि तापलेली वाळू आईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही.

घाटमाथा:
ते आईला ठरवू द्या.