कौलं फुटली, शाकारणी कुणी करायची? मालकाने की भाडेकरूने?

माजघर
दापोलीजवळ चिऱ्याच्या कौलारू घरात तीन वर्षं भाड्याने राहतेय. मालक मुंबईला असतात. वैशाखात वानरांनी माजघरावरची वीसेक कौलं फोडली. फोन केला तर म्हणाले, "राहता तुम्ही, शाकारून घ्या तुम्हीच." मृग लागला आणि पहिल्याच सरीत लेकीच्या वह्या भिजल्या. आता रात्री उठून टोप सरकवत बसते. माझं म्हणणं एवढंच: छप्पर, वासे, भिंती, वायरिंग मालकाचं, नळाचा वॉशर, बल्ब, तुंबलेली मोरी आमची. वासा भिजत राहिला की वाळवी येते, मग घर कुणाचं जातं?

आगरवाडी
मी मालक आहे, घर गुहागरला. ताई, राग मानू नका, पण चार हजार भाड्यात दरवर्षी शाकारणी परवडत नाही. गडी मिळत नाही, मिळाला तर दिवसाची मजुरी आणि जेवण. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात इकडची छपरं उडाली तेव्हा खर्च आम्हीच केला, कुणाकडे मागितला नाही. पण पन्हळीत पातेरा (वाळकी पानं) साठू देणं, एक कौल सरकलं तरी न सांगणं, हे भाडेकरूकडून होतं. एका कौलाचं काम वाशापर्यंत जातं ते असंच.

खळ्यातला
काका, सांगितलं नाही ही चूक खरीच. पण ताईंनी तर वैशाखातच सांगितलं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम १४ प्रमाणे, करारात उलट काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात केलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

आगरवाडी
हे भाडेकरूसाठी. आजकाल बहुतेक करार लिव्ह अँड लायसन्सचे असतात, म्हणजे नुसती राहायची परवानगी, त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू धरत नाहीत, आणि हा कायदा सगळ्या गावांना लागूही नाही. म्हणून आधी करार वाचा. माझ्या करारात छपराचा एक शब्द नाही, हे मात्र मान्य करतो.

माजघर
आमच्या करारात "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी" एवढंच आहे. वीस कौलं आणि भिजलेला वासा किरकोळ नव्हे. काका, पातेऱ्याचं तुमचं बरोबर आहे. पन्हळ मी दरवर्षी मेमध्ये साफ करते, यंदाही केली. आज मालकांना फोटो आणि पत्र पाठवलं: गडी मी शोधते, कौलं आणि मजुरी तुमची. तोवर माजघरावर ताडपत्री बांधलीय.

आगरवाडी
ताडपत्री कोन्यावरून (छपराच्या माथ्यावरून) पलीकडे घ्या आणि दोन्ही बाजूंनी चिरे बांधून सोडा. नैऋत्येचा वारा नुसती दोरी ठेवत नाही.