ग्रामसभेच्या रजिस्टरवरच्या सह्या म्हणजे सहभाग धरायचा का?

कोयत्याची लेक:
नमस्कार. राज्यशास्त्रात पीएचडी करतेय. विषय: ऊसतोड कुटुंबं आणि ग्रामसभा. बीड जिल्ह्यातली तीन गावं घेतलीत, त्यातलं एक आजोळ.

अडचण अशी की, आजोळच्या 26 जानेवारीच्या सभेच्या हजेरीत 112 नावं आहेत. त्यात माझ्या मावशीचं नाव, पुढे अंगठा. मावशी त्या दिवशी सांगलीकडे फडात मोळ्या बांधत होती, गाडी भरायची राहिलीय म्हणून फोन अर्ध्यात ठेवला तिने. शिवाय मावशी दुसरी शिकलेली आहे. उचल (हंगामाआधीचे आगाऊ पैसे) घेतानासुद्धा टोळीच्या मुकादमाच्या वहीत सही करते, अंगठा देत नाही!

गाईड म्हणतात, दप्तरी हजेरी आहे ना, मग आकडा घे आणि पुढे चल. मला पटत नाही. मग सहभाग मोजायचा कशावर?

दप्तरवाले काका:
ताई, 31 वर्षं ग्रामसेवक होतो, रजिस्टरं मीच लिहिली. 112 वाचून हसू आलं. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. त्यामुळे मोठ्या गावात आकडा शंभराच्या जरासा वर दिसला की समजायचं, शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरलाय. सह्या एकाच पेनाच्या आहेत का तेही बघा.

आता कामाचं सांगतो. गणपूर्ती न झाल्यामुळे पुढे ढकलून पुन्हा घेतलेल्या, म्हणजे तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून तिथे खोटी नावं घालायचं कुणाला कारणच नसतं. तहकूब सभेची हजेरी मागा. आणि इतिवृत्तात ठरावांचे सूचक-अनुमोदक कोण, ते पाच वर्षांचं मोजा. चार-पाच आडनावंच फिरून फिरून येतील.

माजी सदस्य, वॉर्ड 3:
काकांचं खरं आहे, पण इतिवृत्तावर तरी किती विसंबायचं? 2011 पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभाही कायद्यात आहे. आमच्याकडे ती व्हायची. हौदाच्या तुटक्या तोटीचं मी तीन सभांत बोलले, इतिवृत्तात एकदाही आली नाही. चौथ्या वेळी मी तोटीच पिशवीतून नेली आणि भाऊसाहेबांच्या, म्हणजे ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली. तेव्हा कुठे 'ऐनवेळचे विषय' मध्ये एक ओळ पडली. तुम्ही सभेला बसा, काय बोललं गेलं ते उतरवा आणि मग इतिवृत्त शेजारी ठेवा.

आकडेमोड:
वॉर्ड 3 च्या ताई म्हणतात तसं काम झालेलं आहे. परोमिता सन्याल आणि विजयेंद्र राव यांनी दक्षिणेतल्या राज्यांतल्या ग्रामसभांमधलं बोलणं शब्दशः उतरवून अभ्यासलंय. आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर दुफ्लो यांचा 2004 चा लेख तर वाचाच. बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, मिळून 265 पंचायती. सरपंचपद बायकांसाठी राखीव असलेल्या गावांत पाण्याची कामं जास्त झाली, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे नुसती हजेरी नाही, मागणी काय होती आणि गावात काय उभं राहिलं, तेही मोजलं. गाईडना हा लेख दाखवा, आकडे बघून शांत होतील.

तुमच्या विषयात मी आणखी एक रकाना घातला असता: सभेची तारीख. 26 जानेवारी म्हणजे ऐन तोडणी. टोळ्या गावात नसतानाच्या सभा आणि असतानाच्या सभा वेगळ्या काढा.

कोयत्याची लेक:
सगळ्यांचे आभार. काका, तहकूब सभेचं रजिस्टर मागितलं. "ते कशाला, त्यात काही नाही," असं उत्तर मिळालं. दोन हेलपाट्यांनंतर दाखवलं. 19 नावं. मावशीच्या वस्तीवरचं एकही नाही.

तारखेचा रकाना आजच घातला. पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की मावशी येईल. 1 मेच्या सभेला तिला घेऊन जाणार आहे. ती म्हणते, येते, पण पेन माझा मी आणीन.