एकेटी आणि बॅड: फॉस्फेट कुठे लागतो ते पाहा

नेहमी म्हटलं जातं की एकेटी (फॉस्फेट लावणारं एन्झाइम, म्हणजे कायनेज) बॅडला (पेशीमृत्यूकडे ढकलणारं प्रथिन) फॉस्फेट लावतं आणि पेशी वाचते. बरोबर, पण त्यात मधला टप्पा सुटतो. फॉस्फेट नसलेलं बॅड मायटोकॉन्ड्रियावरच्या बीसीएल-एक्सएल या पेशी वाचवणाऱ्या प्रथिनाच्या खाचेत बसून त्याला अडकवतं. मग भोकं पाडणाऱ्या बॅक्स-बॅक प्रथिनांवर लगाम राहत नाही, मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलाला भोकं पडतात, सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येतं आणि पेशीमृत्यू सुरू करणारं एन्झाइम कॅस्पेज-९ जागं होतं. एकेटीने बॅडच्या सेरीन १३६ वर (साखळीतलं १३६ वं अमिनो आम्ल, सेरीन) फॉस्फेट लावला की १४-३-३ प्रथिनं बॅडला पकडून सायटोप्लाझममध्ये धरून ठेवतात. सेरीन १५५ मुख्यतः पीकेए हे दुसरं कायनेज सांभाळतं. तो अवशेष (साखळीतलं अमिनो आम्ल) खाचेत बसणाऱ्या भागातच असल्याने तिथला फॉस्फेट पकडच सोडवतो.

हे क्रमांक उंदराच्या बॅडचे आहेत! मानवी प्रथिनात तेच अवशेष ९९ आणि ११८. अँटिबॉडी मागवताना इथेच घोळ होतो.

वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याची चाचणी) फॉस्फो-बॅड, म्हणजे फॉस्फेट लागलेलं बॅड, दिसत नसेल तर आधी लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) तपासा. नुसतं ऑर्थोव्हॅनाडेट घातलं असेल तर ते टायरोसीनवरचा फॉस्फेट काढणारी एन्झाइमं (फॉस्फेटेज) रोखतं, सेरीनवरचा फॉस्फेट उडतोच. सोडियम फ्लोराइड आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट हवंच, आणि सगळं काम बर्फावर. ब्लॉकिंगला (ब्लॉटची रिकामी जागा झाकायला) दुधाऐवजी ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे, पार्श्वभूमी वाढते. एकूण बॅडचा ब्लॉट सोबत नसेल तर फॉस्फो-पट्टी फिकी दिसण्याला अर्थ नाही.

आणि पेशींचा मृत्यू घडवायला स्टॉरोस्पोरीन हे रसायन वापरू नका. ते स्वतःच अनेक कायनेज बंद करतं, मग एकेटीचा परिणाम वेगळा काढणार कसा?