खानापूर-जांबोटीच्या कच्च्या वाटांसाठी डर्ट बाईक कोणती घ्यावी आणि तिची निगा कशी राखावी?

प्रश्न : खानापूरकर

नमस्कार. मी खानापुरात राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करतो. रविवारी जांबोटी, कणकुंबी या बाजूच्या कच्च्या वाटांवर गाडी चालवायला शिकावे असे मनात आहे. मात्र दोन दुचाकी बाळगणे मला परवडणारे नाही. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, तिचाच प्रो प्रकार आणि कावासाकीची केएलएक्स १४० अशा तीन गाड्या माझ्या नजरेत आहेत. यांपैकी कोणती घ्यावी, आणि आपल्याकडच्या पावसात व लाल मातीत ती टिकवायची तर काय करावे लागेल?

उत्तर : कणकुंबीचा पावसाळा

केएलएक्स १४० आपण यादीतून आजच काढून टाकावी. तिला दिवे नाहीत, इंडिकेटर नाहीत आणि तिची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. ती टेम्पोत घालून मैदानावर न्यायची आणि तेथेच चालवायची गाडी आहे. तिच्यावरून बेळगावची नोकरी होणार नाही.

राहिला प्रश्न साधी की प्रो. साध्या ४व्हीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर आहे, तर प्रोची ८९१. कागदावर हा फरक अडीच इंचांचा दिसतो. पण उतारावर, जांभ्याच्या सुट्या खड्यांवर गाडी एका बाजूला कलली आणि पाय टेकायला गेला की जमीन हाताला, म्हणजे पायाला, लागत नाही आणि सुमारे १६० किलोंचे धूड घेऊन माणूस आडवा होतो. प्रोच्या सस्पेन्शनचा पल्ला, म्हणजे चाक जितके वरखाली होऊ शकते ते अंतर, पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर आहे, साधीचा १९० आणि १७०. तो जादा पल्ला उड्या मारणाऱ्याच्या कामाचा आहे. शिकणाऱ्याने साधीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्हींचे पुढचे चाक २१ इंचांचे आणि मागचे १८ इंचांचे असल्यामुळे कच्च्या वाटेचे टायर नंतर कधीही बसवता येतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० ही उत्तम गाडी आहे. परंतु १९६ किलो वजन चिखलातून एकट्याने उचलून पाहावे आणि मग ठरवावे.

आणखी एक गोष्ट. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय चाक घालू नये. गवळीवाड्यांकडे जाणारी वाट सगळ्यांची वाटते, पण ती तशी असेलच असे नाही; आधी विचारावे.

उत्तर : उद्यमबागेतला मिस्त्री

वरच्या सल्ल्याशी मी सहमत आहे. निगेविषयी सांगतो, कारण या गाड्या माझ्याकडे बिघडून येतात त्या बहुतेक वेळा एकाच वाटेने येतात, आणि ती वाट एअर फिल्टरची असते. आपल्याकडची लाल धूळ मैद्यासारखी बारीक असते. फेब्रुवारी ते मे या काळात चार-पाच गाड्या एकामागे एक चालल्या, तर शेवटच्या गाडीचा फिल्टर एका रविवारीच तुंबतो. फिल्टर कागदी असेल तर तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने दाबून धुवावा. पिळल्यास शिवण उसवते. पूर्ण वाळल्यावर त्याला फिल्टरचे तेल सगळीकडे सारखे चोळावे. तेल न लावलेला फोम धूळ अडवत नाही, आणि आत गेलेली धूळ पिस्टन व सिलिंडर घासते.

चिखलातून आल्यावर गाडी धुवावीच, पण सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर, स्टिअरिंगच्या मानेवर आणि चेनवर मारू देऊ नये. ग्रीस निघून जाते आणि जागेवर पाणी बसते. चेन रॉकेल व मऊ ब्रशने पुसून कोरडी करावी, नंतर तेल लावावे. तिचा ढिलेपणा पुस्तिकेत दिला आहे तेवढाच ठेवावा. मात्र या गाड्यांचे मागचे चाक बरेच वरखाली होत असल्याने माणूस सीटवर बसवून एकदा तपासावे. बसल्यावर चेन ताठ होत असेल तर ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते.

स्पोक, म्हणजे चाकाच्या तारा, तपासायला यंत्र लागत नाही. चाक फिरवत प्रत्येक तारेवर पान्याने हलकेच टिचकी मारावी. ताणलेली तार ‘टण’ वाजते, सैल तार बद्द आवाज करते. नव्या गाडीचे स्पोक पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सैल होतातच.

फोर्कमधून, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमधून, तेल पाझरू लागले म्हणजे आतले तेल अडवणारे सील गेले असे लगेच समजू नये. बरेचदा सीलच्या ओठाखाली मातीचा कण अडकलेला असतो. धुळीचे टोपण खाली सरकवून कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी सीलमध्ये घालून गोल फिरवली की कण बाहेर येतो. माझ्या पेटीत अशी एक पट्टी कायम असते.

चिकोडी-अथणीकडे गेलात तर काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये घट्ट बसते आणि चाक जाम होते. डर्ट बाईकचे पुढचे मडगार्ड उंच असते ते याचसाठी. ते शोभेसाठी खाली बसवू नये.

उत्तर : कणकुंबीचा पावसाळा

मिस्त्रीमामांच्या बोलण्यात माझी एक चूक जोडतो. जुलैत ओढा ओलांडताना गाडी पाण्यात आडवी झाली. मी घाईने उभी करून स्टार्टरचे बटण दाबले आणि सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याने कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा, वाकला. पाणी दाबले जात नाही, हे मला तेव्हा ठाऊक होते, पण आठवले नाही. अशा वेळी स्पार्क प्लग काढावा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकावे, एअर फिल्टरचा डबा रिकामा करावा, आणि इंजिन ऑइल दुधासारखे दिसल्यास ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नये.

प्रश्न : खानापूरकर

मामा, आपले आणि सर्वांचे आभार. साधी ४व्हीच घेतो. कोल्हापुरात एक जुनी गाडी चांगल्या स्थितीत मिळते आहे, एमएच-०९ची. ती घेतल्यास काय पाहावे?

उत्तर : उद्यमबागेतला मिस्त्री

इंजिनाखालची पत्रा-प्लेट आधी पाहा. तिच्यावरचे ओरखडे मालकापेक्षा खरे बोलतात. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले आहे. फोर्कच्या नळ्यांना नखाने चाचपून खरवड आहे का ते बघा.

कागदपत्रांत कोल्हापूरच्या आरटीओचे ना-हरकत पत्र विक्रेत्याकडून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्याची गाडी येथे १२ महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर कर्नाटकाचा नंबर घ्यावा लागतो, आणि येथील रस्ता कर वेगळा भरावा लागतो. त्यामुळे गाडीच्या किमतीत हा कर धरूनच हिशेब करा. तो धरल्यावर बेळगावातली केए-२२ची गाडी पुष्कळदा स्वस्त पडते.