नोकरी सांभाळून डॉक्टरेट: परदेशी व्यावसायिक पदवी की इथली अर्धवेळ पीएच.डी.?

(केसपेपर, कालिना आणि टिपणवही या टोपणनावांनी बोलणाऱ्या तिघांची चर्चा)

केसपेपर: मी मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात अकरा वर्षे वैद्यकीय समाजसेविका आहे. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णांवर डॉक्टरेट करावी, असे फार दिवस मनात आहे. ब्रिटनमधील काही विद्यापीठांची व्यावसायिक डॉक्टरेट नोकरदारांना सोयीची वाटते, कारण तिथे आधी वर्गातील अभ्यासक्रम आणि मग आपल्याच कामातील प्रश्नावर आटोपशीर प्रबंध असतो. पण शुल्क पाहून धीर होत नाही. इथली अर्धवेळ पीएच.डी. रोज डोंबिवलीहून ये-जा करणाऱ्या बाईला झेपेल का?

कालिना: झेपते, पण वेळ लागतो. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते. किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत मिळू शकते. कोर्सवर्क, म्हणजे वर्गातील अभ्यासक्रम, किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असते. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने पीएच.डी. देता येत नाही, त्यामुळे तशा जाहिरातींकडे पाहूही नका. कार्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्रात मात्र तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ शिक्षणाला परवानगी, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असे कामाचे स्वरूप, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करण्याची तयारी. माझ्या पत्रात नुसते ‘आमची हरकत नाही’ एवढेच होते. ते परत आले आणि दुसरे पत्र चार महिने टेबलांवरून फिरत राहिले.

टिपणवही: मला वेळेपेक्षा तुमच्या विषयाचीच काळजी जास्त वाटते. रुग्णाने तुम्हाला घरचे भांडण, दारू, बुडालेली मजुरी हे सारे सांगितले ते समाजसेविका म्हणून, संशोधक म्हणून नव्हे. त्यामुळे कपाटातल्या जुन्या फायली हाताशी आहेत म्हणून त्या प्रबंधाची सामग्री ठरत नाहीत. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णालयाची लेखी परवानगी घ्यावी लागेलच, पण खरी अडचण संमतीची आहे. ज्या बाईच्या हातून रेशनची किंवा औषधाची सोय होते, तिला ‘मुलाखत देत नाही’ असे कोण म्हणेल? मी माझ्या अभ्यासात स्वतःचा वॉर्ड वगळला आणि दुसऱ्या विभागातील रुग्णांशी बोलले. काम दुप्पट झाले, परंतु मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न नेमका यावरच आला. व्यावसायिक डॉक्टरेट केलीत तरी हा पेच सुटत नाही. तिथे संशोधन आपल्याच कामावर करायचे असल्याने तो उलट अधिकच टोचतो.

कालिना: हे मलाही सुचले नव्हते. एक भर घालतो: परदेशी पदवीवर पुढे इथल्या महाविद्यालयात शिकवायचे असेल, तर समकक्षतेचे, म्हणजे ती पदवी इथल्या पीएच.डी.च्या बरोबरीची धरली जाते का, ते पाहून मगच पैसे भरा.

केसपेपर: शिकवायचे नाही, वॉर्डातच राहायचे आहे. तरीही शुल्काचा विचार करता इथलीच वाट धरते. ना हरकत पत्राचा मसुदा तिन्ही मुद्द्यांसह मीच लिहून सोमवारी आस्थापना विभागात देईन. टिपणवही, दुसऱ्या विभागातील रुग्णांपर्यंत आपण कोणामार्फत पोहोचलात?

टिपणवही: तिथल्या परिचारिकेमार्फत. ती फक्त माहितीपत्रक देई. बोलायची इच्छा असलेला रुग्ण स्वतःहून माझ्याकडे येई. पहिल्या महिन्यात दोघेच आले.