इसीजी वाचायला शिकतेय: लीड ३ आणि एव्हीएलबद्दल मदत हवी आहे

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी स्टाफ नर्स आहे. जीएनएम झालंय, बरीच वर्षं वॉर्डात काढली, आता कॅज्युअल्टीत ड्युटी लागली आहे. रात्री छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की इसीजी मी काढते आणि फोटो एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांना पाठवते. सर कधी डिलिव्हरीत असतात, कधी अपघाताच्या केसमध्ये. त्यांनी फोटो उघडेपर्यंत मधला वेळ जातो. त्या वेळात मला एवढं कळायला हवंय की कागद घेऊन त्यांच्याकडे धावत जायचं की दहा मिनिटं थांबलं तरी चालेल. निदान करायचं नाहीये मला, ते डॉक्टरांचं काम.

येतं काय ते सांगते. कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ सेकंदाचा. एका ठोक्याच्या रेघेत आधी पी, मग क्यूआरएस (आर म्हणजे त्याचं वरचं टोक), मग टी; क्यूआरएस आणि टी यांच्या मधला भाग एसटी. ठोके नियमित असतील तर ३०० भागिले दोन आरमधले मोठे चौकोन म्हणजे मिनिटाचे ठोके. पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसपर्यंत) तीन ते पाच छोटे चौकोन, क्यूआरएस तीनच्या आत. लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एकेक बाजू, कागदावर अशा बारा: २, ३, एव्हीएफ म्हणजे हृदयाची खालची भिंत, व्ही१ ते व्ही४ पुढची. हे सगळं पाठ आहे, पण खरा कागद हातात आला की नजर बारा ठिकाणी धावते.

आता ज्या केसमुळे धागा काढला ती. कागदावर पेशंटचं नाव आहे, म्हणून फोटो टाकत नाही, शब्दांत लिहिते. साधारण पन्नाशीचे काका. पोटाच्या वरच्या अंगाला जळजळ, मळमळ, कपाळावर घाम. जेवण तिखट झालं असं घरचे सांगत होते. मशीनने वर छापलं होतं: सायनस ऱ्हिदम, नॉनस्पेसिफिक टी वेव्ह बदल (म्हणजे लय नेहमीची, टीमध्ये नेमकं काही न सांगणारे बदल). लीड ३ मध्ये एसटी किंचित वर, अर्धा छोटा चौकोन असेल. लीड २ सपाट. छातीच्या लीड ठीक. सरांनी कागद बघितला, एव्हीएलवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सिस्टर, यांना इथून हलवू नका. पंधरा मिनिटांनी परत काढा." दुसऱ्या कागदात २, ३, एव्हीएफमध्ये एसटी ढळढळीत वर होता. पुढे उपचार सुरू झाले, १०८ ने जिल्ह्याला नेलं, काका आता बरे आहेत.

त्या रात्री सरांना विचारायला उसंत नव्हती आणि आता ते प्रशिक्षणाला गेलेत. तर एव्हीएलमध्ये त्यांना काय दिसलं? मशीनच्या छापील ओळीवर किती विसंबायचं? आणि कागद हातात आला की तुमची पहिली नजर कुठे जाते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा. वाचायची तयारी आहे.

निळी_शाई

सिस्टर, मी फिजिशियन आहे. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की कागद न बघताही सांगता येईल.

लीड ३ हृदयाकडे खालून, जरा उजवीकडून बघते. एव्हीएल डाव्या खांद्याच्या बाजूने बघते. दोघींच्या दिशांत दीडशे अंशांचं अंतर आहे, म्हणजे जवळजवळ समोरासमोर. त्यामुळे खालच्या भिंतीला इजा सुरू झाली की ३ मध्ये एसटी वर सरकतो, त्याच वेळी एव्हीएलमध्ये तो खाली जातो आणि टी उलटा व्हायला लागतो. कित्येकदा एव्हीएलमधला बदल आधी डोळ्यांत भरतो, कारण तिथला क्यूआरएस मुळात छोटा असतो. छोट्या क्यूआरएसशेजारी अर्ध्या चौकोनाचा उतारही मोठा दिसतो.

यामागचं गणित सोपं आहे आणि तुम्ही ते आलेखाच्या वहीत करून बघाच. लीड १ आणि लीड ३ यांची बेरीज म्हणजे लीड २. आणि लीड १ मधून लीड ३ वजा करून निम्मं केलं की एव्हीएल. समजा काकांच्या कागदात ३ मध्ये एसटी अर्धा चौकोन वर होता आणि १ मध्ये अर्धा खाली. बेरीज शून्य, म्हणून लीड २ सपाट. वजाबाकी उणे एक, तिचं निम्मं उणे अर्धा. म्हणजे एव्हीएलमध्ये एसटी अर्धा चौकोन खाली. मशीनला यात "विशेष काही नाही" असं वाटू शकतं. माणसाने मात्र ३ आणि एव्हीएल शेजारी शेजारी ठेवून बघितलं तर दोन्ही एकमेकींच्या उलट वागताना दिसतात. सरांचं बोट तिथे गेलं ते त्यामुळे.

आता एसटी वर कधी म्हणायचा. क्यूआरएस जिथे संपतो त्या बिंदूवर मोजायचं आणि तुलना क्यूआरएस सुरू होण्याच्या लगेच आधीच्या पातळीशी करायची. शेजारच्या दोन लीडमध्ये एक छोटा चौकोन किंवा जास्त. फक्त व्ही२-व्ही३ला मोजमाप वेगळं: चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला २ मिमी, त्याहून तरुणाला २.५ मिमी, बायकांना १.५ मिमी. पण हे आकडे "आता नक्की म्हणा" यासाठी आहेत. अडलेली रक्तवाहिनी एक चौकोन पूर्ण व्हायची वाट बघत नाही. लक्षणं जुळत असतील तर पहिला इसीजी नॉर्मल आला म्हणून पेशंट सोडायचा नाही. दर पंधरा ते तीस मिनिटांनी परत काढायचा, दुखणं वाढलं तर लगेच.

एक सावधगिरी. एव्हीएलमध्ये टी उलटा दिसला म्हणजे ॲटॅकच, असं नाही. जुनं ब्लड प्रेशर असेल, डावा कप्पा जाड झाला असेल तर उंच आरबरोबर उलटा टी कायमचाच असतो. म्हणून घरच्यांच्या पिशवीतली जुनी फाइल मागा. जुना इसीजी मिळाला तर अर्धं काम झालं.

छापील ओळीबद्दल: वेळेचे आकडे, म्हणजे पीआर, क्यूआरएस वगैरे, बहुधा कामाचे असतात. वरचं वाक्य शेवटी वाचा. आधी वाचलं की डोळे तेच शोधायला लागतात. मी स्वतः कागदाची ती कड दुमडून मागे करतो.

तांबडा_पिवळा_हिरवा

ताई, मी इसीजी टेक्निशियन. डॉक्टरसाहेबांनी लिहिलं ते खरंच, पण त्याच्या आधीची पायरी माझी.

आपल्याकडच्या बहुतेक मशीनला उजव्या हाताला तांबडी, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्या पायाला काळी वायर. घाईत तांबडी-पिवळी उलट लागली तर लीड १ अख्खी पालथी होते, पीसकट. आणि तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं म्हणजे २ आणि ३ यांची अदलाबदल होते, एव्हीआर आणि एव्हीएल यांचीही होते. म्हणजे ज्या दोन लीडवर सगळी मदार, त्याच भलत्या नावाने छापल्या जातात. म्हणून कागद निघाला की सर्वांत आधी लीड १ मधला पी सरळ आहे ना आणि एव्हीआर खाली तोंड करून आहे ना, एवढं बघा. दोन सेकंदांचं काम आहे.

छातीवर: गळ्याच्या खळग्यातून बोट खाली आणलं की छातीच्या मधल्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी जुळते. तिच्या खालची दुसरी फट, मग तिसरी, मग चौथी. चौथ्या फटीत हाडाच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. नुसत्या नजरेने लावले की हे दोन हमखास वर चढतात, आणि मग व्ही१चा पी पूर्ण उलटा येतो, व्ही२चा टी उलटा येतो, नसता घोर लागतो. व्ही४ पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्यावरून खाली. व्ही३ मधोमध. व्ही५, व्ही६ व्ही४च्याच आडव्या रेषेत, फटीबरोबर वर चढवू नका. बाईमाणूस असेल तर पडदा लावा, काय करणार ते आधी सांगा, आणि व्ही४ स्तनाच्या खाली लावा. संकोचाने बल्ब (छातीवर चिकटवायचा इलेक्ट्रोड) वरच्या वर टेकवला की रेघ बिघडते आणि त्या बाईचं निदानही बिघडू शकतं.

रेघ थरथरत असेल तर कुठली वायर सैल ते कागदच सांगतो. १ स्वच्छ आणि २, ३ खराब, तर हिरवी. ३ स्वच्छ आणि १, २ खराब, तर तांबडी. २ स्वच्छ आणि १, ३ खराब, तर पिवळी. थंडीत पेशंट कुडकुडत असेल तर आधी पांघरूण घाला. सगळीकडे बारीक एकसारखी करवत दिसली तर ती विजेची, मशीन बॅटरीवर घ्या.

अजून एक: रेघ सपाट धरून ठेवणारा फिल्टर ०.५ हर्ट्झला लावलेला असेल तर एसटी खोटा वर-खाली दिसू शकतो. छातीत दुखणाऱ्याच्या इसीजीला ०.०५ हवा. कागदाच्या खालच्या कडेला छापलेलं असतं, एकदा बघून ठेवा.

स्पष्टवक्ता

माफ करा, पण नर्सने एवढ्या खोलात जावं का? उद्या अर्धवट ज्ञानावर काही झालं तर जबाबदारी कुणाची?

निळी_शाई

छातीत दुखणारा पेशंट आल्यापासून १० मिनिटांत इसीजी निघून डॉक्टरांच्या नजरेखालून जावा, अशी अपेक्षा असते. निघतो तो वेळेत, अडकतो तो नंतर. कागद हातात धरून उभी असलेली व्यक्ती "सर, एव्हीएल बघा" असं फोनवर म्हणू शकली तर डॉक्टर हातातलं काम दुसऱ्याला देऊन येतो. नुसतं "इसीजी पाठवलाय" याला ते वजन नाही. सिस्टरने पहिल्याच परिच्छेदात मर्यादा स्वच्छ सांगितली आहे. मला तरी अशाच सिस्टर माझ्या कॅज्युअल्टीत हव्या आहेत.

सावित्रीकाठ

कोकणातून लिहितोय. लक्षात असू द्या म्हणून भर घालतो. आमच्याकडे विंचूदंशात एसटी-टीचे बदल, वेगवान ठोके, मध्येच येणारे जादा ठोके हे सगळं दिसतं, कारण विषामुळे हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून यावर केलेलं काम सगळ्यांना माहीत आहेच. दुसरं बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बिया खाल्लेली माणसं. नाडी मंद, पीआर लांबत जाणारा, मग पीनंतर क्यूआरएस गळायला लागतो. अशा पेशंटचा आत्ताचा कागद चांगला आहे म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, मॉनिटर लावूनच ठेवायचा. तेव्हा इसीजीबरोबर "काय झालं, काय खाल्लं, काय चावलं" हे विचारलेलं हवंच.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीत गणित करून बघितलं! १ मध्ये उणे अर्धा, ३ मध्ये अधिक अर्धा धरला की २ खरंच शून्य येतो. इतके दिवस मी बारा वेगळी चित्रं पाठ करत होते. हातापायाच्या सहा लीड एकमेकींतून काढता येतात हे कुणी सांगितलंच नव्हतं.

अजून दोन शंका. ॲक्सिस (हृदयातल्या विजेची एकूण दिशा) आत्ता शिकू का? आणि सराव कसा करू?

निळी_शाई

ॲक्सिसचे अंश मोजत बसू नका. १ आणि एव्हीएफ दोन्हींत क्यूआरएस वर असेल तर ठीक, एवढं सध्या पुरे.

सरावासाठी आधी नॉर्मल इसीजी भरपूर बघा. ऑपरेशनपूर्वी तपासणीसाठी काढलेले तुमच्याकडे रोज असतील. व्ही१चा टी उलटा असणं, लीड ३चा टी कधी उलटा कधी सपाट असणं, तरुण मुलांच्या व्ही२-व्ही३मध्ये एसटी जरा उचललेला असणं, हे सगळं नॉर्मलमध्येच येतं. ते डोळ्यांत मुरलं की वेगळं काही आलं तर नजर आपोआप अडते. प्रत्येक कागदावर क्रम एकच ठेवा: नीट निघालाय का, वेग, लय, पीआर, क्यूआरएस, मग एसटी आणि टी. एसटी बघताना जोड्या लावून बघा. ३ बघितलं की एव्हीएल. व्ही१-व्ही३मध्ये एसटी खाली दिसला की मागच्या भिंतीचा संशय घ्या आणि डॉक्टरांना सांगून व्ही७ ते व्ही९ पाठीवर काढा. तुमचं मत पेन्सिलीने एका ओळीत लिहा, मगच छापील ओळ उघडा, आणि सकाळी डॉक्टरांना दोन्ही दाखवा.

जाता जाता, मला आवडणारी गोष्ट सांगतो. नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइंथोव्हेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेचं गॅल्व्हानोमीटर वापरून इसीजी काढला तेव्हा पेशंटचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत. त्याच्याकडे १, २, ३ एवढ्या तीनच लीड होत्या. पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं त्याचीच. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं. एव्हीएल मात्र गोल्डबर्गरने १९४२ मध्ये आणली, तीही त्याच वायरींमधून. नवी वायर न लावता नवी बाजू दिसायला लागली. ते वहीतलं गणित करताना मला आजही आनंद होतो.

रात्रपाळी

शेवटचा प्रश्न. सरांनी दुसऱ्या इसीजीनंतर उजव्या छातीवरही एक बल्ब लावायला सांगितला आणि जिभेखालची गोळी थांबवली. ते का?

निळी_शाई

खालच्या भिंतीच्या ॲटॅकमध्ये उजवा कप्पाही सापडू शकतो, विशेषतः लीड ३ मधला एसटी लीड २ पेक्षा जास्त वर असेल तर. ते बघायला व्ही४आर, म्हणजे उजव्या छातीवर काढलेली व्ही४. तिथे एसटी अर्धा चौकोन जरी वर असला तरी संशय पक्का धरतात. अशा पेशंटला जिभेखालची नायट्रेटची गोळी दिली तर ब्लड प्रेशर धाडकन पडू शकतं. म्हणून सरांनी ती थांबवली. हा बदल काही तासांत पुसला जातो, त्यामुळे लवकर काढलेला बरा.

तांबडा_पिवळा_हिरवा

बल्ब व्ही४चाच घ्यायचा ताई, उजवीकडे तशाच पाचव्या फटीत, कॉलरबोनच्या मध्याखाली. मशीन मात्र व्ही४ असंच छापणार, म्हणून कागद निघताक्षणी पेनने "व्ही४आर" लिहा. शेजारी वेळ आणि त्या क्षणी दुखत होतं की नाही तेही लिहा. जिल्ह्याला पाठवताना सगळे कागद एकत्र लावा, तो पहिला "नॉनस्पेसिफिक" छापलेलासुद्धा.