बाणाने बेशुद्ध का करता येऊ नये?

गोफणवाला:
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर खेळायच्या कथा-खेळाच्या २०१४ च्या नियमांत मेली अटॅकने (जवळून केलेल्या वाराने) समोरच्याचे हिट पॉइंट (किती जीव उरला त्याचा आकडा) शून्यावर आणले, की मारायचं की बेशुद्ध करायचं हे त्याच क्षणी आपण ठरवतो. रेंज्डला (बाण, गोफण अशा लांबून केलेल्या वाराला) ही मुभा नाही. २०२४ च्या नव्या नियमांतही मेलीची अट कायम आहे. मला हे मुळातच पटत नाही. रेपियर (बारीक, टोकदार तलवार) छातीत खुपसला तरी माणूस जिवंत राहू शकतो. 'इन्फ्लिक्ट वून्ड्स'सारखा भयंकर स्पेल (मंत्र) २०१४ च्या नियमांत मेली स्पेल अटॅक आहे, म्हणून तोही चालतो. आणि गोफणीचा दगड डोक्याला लागला की थेट मरण? कैदी जिवंत हवा असला की तिरंदाजाने शेवटचा वार दुसऱ्यासाठी सोडायचा, हा अन्याय आहे.

नियमाने खेळा:
असहमत. हातातली तलवार ऐन वेळी वळवता येते, सुटलेला बाण नाही. शिवाय लाँगबोवाला (मोठ्या धनुष्याचा तिरंदाज) १५० फुटांवरून निवांत मारतो. जीव वाचवायचा तर जवळ जाऊन मार खायची तयारी हवी, तीच त्याची किंमत. डी अँड डीच्या जुन्या ३.५ आवृत्तीतही घातक शस्त्राने नॉनलीथल (जीव न घेणारा) वार करायला फाशाच्या आकड्यात −४ होता आणि तोही मेलीतच.

गोफणवाला:
मग किंमत लावा, बंदी कशाला? पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत बोथट बाण आहेत, −४ घेऊन मारा. दुसरीत −२ घेतला की धनुष्यही चालतं. डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीत तर मेली की रेंज्ड हा प्रश्नच नव्हता.

पडद्याआडचा डीएम:
वाट २०१४ च्या नियमांच्या पुस्तकातच आहे. शून्यावर आलेला मॉन्स्टर लगेच मरतो ही बहुतेक डीएमनी (खेळ चालवणाऱ्यांनी) पाळलेली सोय आहे. महत्त्वाच्या खलनायकाला प्लेअरसारखे डेथ सेव्ह (मरण टाळायचे फासे) देता येतात. म्हणजे बाण लागतो, तो कोसळतो आणि लढाई चालू असतानाच कुणाला तरी धावत जाऊन डीसी १० चा मेडिसिन चेक (उपचार जमला का ते ठरवणारा फासा, बेरीज किमान १० हवी) करावा लागतो. वाचवायचा की लढायचं, ही ओढाताण मला −४ पेक्षा कितीतरी जास्त आवडते.

नियमाने खेळा:
हे मान्य. फक्त तीन डेथ सेव्ह फसले तर कैदी मेला म्हणजे मेला. कथेसाठी हवा होता म्हणून डीएमने पडद्याआड फासा फिरवायचा नाही.

गोफणवाला:
खलनायकाचं ठीक. पण साध्या पहारेकऱ्याला कोणता डीएम डेथ सेव्ह देतो? आणि जिवंत ठेवून माहिती काढायची असते ती बहुतेक वेळा त्याच्याकडूनच.